मामासाठी ठेवलेली दाढी

बीडला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा सरांनी मला पापुआ न्यू गिनीहून आलेल्या एका मुलाचा सोबती नेमलं. तो सरकारी शिष्यवृत्तीवर शेतीचं शिक्षण घ्यायला आला होता आणि होस्टेलवर माझ्याच खोलीत राहायचा. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदी-इंग्रजीत चालायचं. सोबत्यानं नेमकं काय करायचं, ते मला कोणी सांगितलं नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. खरं तर मलाच कोणी सोबती हवा होता.

संक्रांत झाली आणि तिकडं त्याचा मामा वारला. मामानंच त्याला शाळेत घातलं होतं. इतक्या लांब जाणं शक्य नव्हतं. त्यानं वर्गात येणं सोडलं, दाढी करणंही सोडलं. हजेरी कमी पडली तर परीक्षा हुकेल, शिष्यवृत्ती थांबेल आणि त्याला कायमचं परत जावं लागेल, असं सरांनी मला दोनदा बजावलं. मी रोज सकाळी त्याच्या उशाशी वह्या ठेवायचो आणि संध्याकाळी तशाच उचलायचो. होस्टेलची पोरं विचारायची, "काय बे, तुझा पाव्हणा महाराज झाला का?" मी हसून सोडून द्यायचो. चिडायचंही त्राण नव्हतं.

दहाव्या दिवशी मला वाटलं, आता उपाय सापडला. आमच्यात दहाव्याला केस काढतात, मग माणूस हळूहळू कामाला लागतो. मी त्याला सलूनमध्ये नेलं. गालाला फेस लागताच तो उठला आणि तसाच रस्त्यानं चालू लागला. पुढं चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर होते. फोनवर आईला सगळं सांगितलं. तिनं विचारलं,

"त्याला कडू घास कुणी दिला?"

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी नेतात, समोर बसून खाऊ घालतात, तो कडू घास. मी म्हणालो, कुणीच नाही.

"मग वह्या कावून नेतो रे? आधी जेवू घाल त्याला."

मेसच्या मावशींनी पिठलं-भाकरी करून दिली. मी ताट ठेवलं आणि समोर बसलो. अर्धी भाकरी संपल्यावर त्यानं सांगितलं, त्यांच्यात मामा गेला की केस वाढवतात. सगळे जमून जेवतात, मगच कापतात. इथं तो एकटा कसा कापणार?

"मग ठेव," मी म्हणालो. "पण वर्गात ये."

दुसऱ्या दिवशी तो आला. बुडालेल्या हजेरीचा अर्ज मी लिहिला. सर म्हणाले, नियमात आईवडील बसतात, मामा बसत नाही. मला वाद घालता येत नाही. मी नुसता टेबलापाशी उभा राहिलो. तास बदलला तरी उभाच होतो. शेवटी त्यांनी माझ्याकडं न बघता सही केली.

परीक्षेत पर्यवेक्षकांनी हॉल तिकिटावरचा गुळगुळीत गालांचा फोटो आणि त्याची दाढी बराच वेळ ताडून पाहिली, मग बसू दिलं. त्या वर्षी त्याचा एक विषय राहिला, माझे दोन. पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, आई गावी परतली. तिनं माझ्या निकालाचं काही विचारलं नाही.

"ते पोरगं जेवतं का आता?" एवढंच म्हणाली.