लिफ्टच्या दारावरचं बोट

आमच्या सोसायटीच्या नव्या लिफ्टला आरशासारखं चकचकीत स्टीलचं दार आहे. मॅट स्टीलवर बोटांचे ठसे कमी दिसतात, असं लिफ्टवाला सांगत होता; तरी मीटिंगमध्ये आम्ही सगळ्यांनी चकचकीत दारासाठीच हात वर केले. रोज ते दार पुसणाऱ्या सुनंदाबाईंना कोण विचारतंय? हौस आमची, मनगटं त्यांची.

आज सेक्रेटरी त्यांच्यावर खेकसले, “बाई, हा डाग दिसत नाही का तुम्हाला?” आणि डाग दाखवायला त्यांनी दारावरच बोट टेकवलं. सुनंदाबाईंनी मऊ फडक्यानं डाग पुसला, मग सेक्रेटरींच्या बोटाचा ठसाही पुसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लख्ख पुसलेल्या त्या दारात मात्र माझं मिटलेलं तोंड मला स्वच्छ दिसत होतं.