पंखा उचलायचा नाय

महाडला चवदार तळ्याजवळ कॉम्प्युटर दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता ओढून घेणारी राखाडी पेस्ट लागते. ती ते जिभेचं टोक बाहेर काढून, श्वास रोखून, मटारच्या दाण्याएवढी लावतात. वर पंखा ठेवून स्क्रू आवळतात. इथं काम संपायला हवं! पण पेस्ट कशी पसरली हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. ते पंखा उचलून बघतात, पेस्टमध्ये हवा शिरते, आणि सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून.

"घावन सुटलं का, ते उलथनं घालून बघतंसच ना गो ताय?" असं वर मलाच विचारतात.

परवा माझा कॉम्प्युटर सवच्या गरम पाण्याच्या कुंडासारखा तापून बंद पडला. पोलादपूरच्या एका लग्नाचा व्हिडिओ संध्याकाळी द्यायचा होता. गृहस्थांनी दोनदा पंखा उचलला. ट्यूबमध्ये जेमतेम एक थेंब उरला. तो लावून त्यांनी पंखा बसवला, स्क्रू आवळले आणि स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात कोंबला.

"ताय, मी मागितला तरी द्यायचा नाय."

मग स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून स्टुलावर बसले. मी पंख्याकडे बघत राहिले.

"कोपऱ्यापर्यंत पोचली असेल ना हो?"

त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू! पण हात त्यांनी मांड्यांखालून काढले नाहीत.

पहिला स्क्रू मीच सैल केला.