मीटरभाऊजींचे बारा आकडे

आमच्या इमारतीत त्यांना सगळे मीटर म्हणतात. मी मीटरभाऊजी म्हणते, कारण त्यांची बायको माझी जिवाभावाची मैत्रीण. छत्तीस वर्षं त्यांनी सायकलवरून घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. घराला कुलूप दिसलं की बाकीचे रीडर वहीत 'दार बंद, आकडा अंदाजे' असा शेरा मारून सटकायचे. भाऊजी संध्याकाळी पुन्हा जायचे, तरी कुलूप असलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी. उभ्या नोकरीत तो शेरा एकदाही मारला नाही, हे ते इतक्या वेळा ऐकवायचे की शेवटी बायको हात जोडायची.

ती गेल्यावर मुलीने त्यांना तिसऱ्या मजल्यावर आपल्याकडे नेलं. मग एकदा ते वळणावर सायकलवरून घसरले आणि कपाळाला तीन टाके पडले. ते घरी येईपर्यंत मुलीने सायकल भंगारवाल्याला देऊन टाकली होती. मुलगी वाईट नाही हो. उलट इतकी चांगली की तिच्याशी भांडायचीही सोय नाही. गोळ्या वारांप्रमाणे डबीत लावते, आंघोळीच्या पाण्यात आधी स्वतः हात घालून बघते, जिना उतरायचा तर जावई येईपर्यंत थांबा म्हणते. ती ऑफिसात आणि भाऊजी दिवसभर गॅलरीतल्या खुर्चीत. खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की त्यांचा उजवा अंगठा हलायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि मला ते बघवत नव्हतं.

त्याच सुमारास दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून कळलं, की एक संस्था वस्तीतल्या लोकांनी स्वतः करायच्या संशोधनाला निधी देते. मी टेलिफोन ऑपरेटर होते. पलीकडून कोणी उचलेपर्यंत लाइन सोडायची नाही, ही जन्माची खोड. आम्ही दोघींनी अर्ज केला: साठीपुढच्या माणसांनी सायकल चालवली तर त्यांच्या मनाला बरं वाटतं का? तीन वेळा परत आला, चौथ्यांदा मंजूर झाला. अट एकच. निम्म्यांनी बारा आठवडे सायकल चालवायची, निम्म्यांनी अजिबात नाही, आणि दोघांची तुलना करायची. फरक दिसला तर पुढच्या टप्प्याचा निधी येणार आणि बसून राहिलेल्यांनाही सायकली मिळणार.

"डॉक्टरांची देखरेख असेल तर चालवा बाबा," मुलगी म्हणाली. भाऊजींनी त्या दिवशी कपाटातून सायकल चालवताना पँटला लावायच्या क्लिपा शोधून काढल्या.

चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकल्या होत्या. माझी चालवणाऱ्यांत निघाली. भाऊजींची मीच काढली. बसणारा गट.

"बाराच आठवडे ना?" ते म्हणाले. "छत्तीस वर्षांत कितीतरी बंद दारांपुढे थांबलोय." क्लिपा मात्र खिशातच ठेवल्या.

दर रविवारी फॉर्म भरून घ्यायला संस्थेची एक मुलगी प्रत्येकाच्या घरी जायची. मी मदतीला असायचे. भाऊजींकडे गेलो की त्यांची लेक चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहायची, अगदी कौतुकाने.

"काका, गेल्या आठवड्यात घरात कोंडल्यासारखं वाटलं?"

"छे, छे."

"एकूण कसे आहात? शून्य ते दहा."

"मजेत! दहा लिही."

तीस वर्षं मी लोकांचे आवाज ऐकलेत. खोटं बोलणारा माणूस शेवटचा शब्द जरा उंच लावतो. भाऊजींचं 'मजेत' पार छताला लागलं होतं. पण लेक समोर असताना मी काय बोलणार? बारा आठवड्यांत बारा वेळा दहा. आणि ते एकटे नव्हते. सगळ्याच बसणाऱ्यांच्या घरी दारात कोणी ना कोणी प्रेमाचं माणूस उभं असायचं, आणि कसे आहात विचारलं की आपल्याकडे उत्तर ठरलेलं.

आम्ही चालवणारे मात्र मोकळेपणाने कुरकुरलो. सीट टोचते, गुडघे बोलतात. मी स्वतः एकदा सहा दिले, एकदा साडेपाच. सकाळी वाऱ्यावर चाळीस वर्षांनी मोठ्याने गात होते, ते कुठल्या प्रश्नात बसलंच नाही.

निकाल लागला. बसणारे आमच्यापेक्षा सुखी निघाले! संस्थेने गोड शब्दांत कळवलं, की सायकलचा उपयोग दिसत नाही, सबब पुढचा निधी नाही. टेम्पो येऊन सायकली घेऊन गेला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत भाऊजी गॅलरीच्या कठड्याला धरून उभे होते.

माझं डोकंच फिरलं. तडक वर गेले.

"दहा? भाऊजी, दहा? एकदा तरी खरं सांगायचं होतंत!"

"तिच्यासमोर कसं सांगू?" ते हळूच म्हणाले. "किती करते ती माझं." मग म्हणाले, "आता बदलता येईल?"

"नाही. सगळं पाठवून झालं."

मला लगेच वाईट वाटलं. चिठ्ठी मी काढली होती, प्रश्नही मीच लिहिले होते, आणि वर त्यांच्यावरच ओरडत होते.

भाऊजींनी आपल्या फॉर्मच्या प्रती माझ्याकडून मागून घेतल्या, चष्मा लावला आणि पेन काढलं. एकेका दहाच्या पुढे, सरळ रेषेत, रीडरच्या बारीक अक्षरात ते लिहीत गेले. बाराही कागदांवर एकच शेरा. दार बंद, आकडा अंदाजे.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. तिने वाकून वाचलं. मीटर रीडरची लेक ती, त्या शेऱ्याचा अर्थ तिला लहानपणापासून पाठ. ट्रे तिने माझ्या हातात दिला. ती त्यांच्या खुर्चीजवळ खालीच बसली.

"बाबा," ती म्हणाली, "खरा आकडा किती?"

भाऊजींनी सवयीने दाराकडे पाहिलं. तिथे आता कोणी उभं नव्हतं.

"दोन," ते म्हणाले. "तू ऑफिसातून येतेस तेव्हा तीन."