पिकअपमधली अडलेली गाय

अंबडच्या चार्जिंग पॉइंटवर माझ्या गाडीच्या आधी एका शेतकऱ्याची इलेक्ट्रिक पिकअप लागलेली होती. मागच्या हौद्यात त्याची गाय उभी होती. ती व्यायला अडली होती आणि तिला जालन्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. तो चार्जिंगचा आकडा बघायचा, गाईच्या पोटावरून हात फिरवायचा आणि पुन्हा आकड्याकडे धावायचा.

“बसा जरा,” मी म्हणालो.

“बसवत न्हाई, दादा. डिझेलची गाडी असती तर आवाजानं बिथरली असती ही. ह्या गाडीत बिलकुल शांत हाय. मीच घाबरून राह्यलो.”

जालन्यापुरतं चार्जिंग होताच त्यानं केबल काढली आणि तो निघाला. त्याचा नंबर घ्यायचं मला सुचलंच नाही. अजूनही रस्त्यात तशी पिकअप दिसली, की मी वेग वाढवून तिच्या मागच्या हौद्यात डोकावून बघतो.