पहिल्या गाण्यातला थरथरता आवाज

लग्न होऊन मी कळमनुरीजवळच्या गावात आले, त्याच वर्षी एका कोवळ्या गायिकेचा पहिला कार्यक्रम टीव्हीवर लागला. दिवसभर शेतातली हळद शिजवून अंग मोडून आलं होतं, तरी मी आणि माझी धाकटी नणंद शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसलो. नणंदेनं टेपरेकॉर्डर टीव्हीला चिकटवून सगळा कार्यक्रम कॅसेटमध्ये भरून घेतला. पहिल्या गाण्यात त्या पोरीचा आवाज थरथरत होता. दुसऱ्या गाण्यापासून तो हळूहळू स्थिरावत गेला.

नणंद लग्न होऊन सिद्धेश्वरकडच्या गावात गेली आणि कॅसेट माझ्याकडं राहिली. पुढं ती गायिका फार मोठी झाली. तिचे झगमगाटातले कार्यक्रमही मी पाहिले. आवाज कुठंच हलत नव्हता, पण माझं मन त्यात रमलं नाही. शेतातून थकून आले की मी जुनी कॅसेटच लावायची. ती घाबरलेली पोरगी गाणं सोडत नाही, एवढं ऐकलं की चुलीपुढं बसायचं बळ यायचं.

बऱ्याच वर्षांनी नणंद लेकरांना घेऊन माहेरी आली. चेहरा पार सुकला होता.

“वहिनी, ती कॅसेट हाय का अजून?”

“हाय की. काहून?”

“लई दमले मी. लावा न जरा.”

दोघी जमिनीवरच आडव्या झालो. पहिलं गाणं संपायच्या आत तिला झोप लागली. लेकरांना मी अंगणात खेळायला पाठवलं आणि तिच्या शेजारी तशीच ऐकत पडून राहिले.