तीन नंबरचा फीडर

त्यांना सगळे अंधारकाका म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग हळूहळू तोंडावर. शेवटी शेजारची पोरं दारात उभी राहून "अंधारकाका आहेत का?" असं विचारायला लागली आणि ते स्वतःच "आहे, आहे" करत बाहेर यायला लागले. माणसानं एकदा हसून ओ दिली की टोपणनाव काही जन्मभर सुटत नाही.

काका एकतीस वर्षं सबस्टेशनात ऑपरेटर होते. सकाळी दहाला जायचे, संध्याकाळी सहाला यायचे. लांब, बसकी खोली, भिंतीला टेकून राखाडी रंगाची कपाटं आणि प्रत्येक कपाटाला एक हँडल. एक कपाट म्हणजे एक फीडर, म्हणजे एका भागाला वीज नेणारी लाइन. एक नंबर कारखान्यांकडे, दोन नंबर पाण्याच्या टाकीकडे, तीन नंबर बाजार आणि त्याच्या मागच्या गल्ल्या, चार नंबर हॉस्पिटल. समोरच्या भिंतीवर काकांनी स्वतः चार रंगांत काढलेला नकाशा होता. तीन नंबरचा हिरवा रंग बाजारातून वळून त्यांच्या चौदा घरांच्या गल्लीत शिरायचा. तिथे त्यांनी पेनाने एक बारीक ठिपका दिला होता. तो ठिपका म्हणजे त्यांचं घर.

ते दिवस टंचाईचे होते. उन्हाळा दर वर्षी थोडा लवकर येई आणि थोडा उशिरा जाई. घरोघर पंखे वाढले, मग कूलर आले, आणि कोळसा मात्र होता तेवढाच. दुपारचे बारा वाजले की मुख्य कार्यालयाचा फोन खणखणायचा: "लोड कमी करा." म्हणजे कुठला तरी फीडर बंद करा. कुठला, ते ठरवायचं काकांनी. नियम आळीपाळीचा होता. काकांनी त्यात स्वतःचं कलम घुसवलं. पहिला तीन नंबर, म्हणजे आपलं घर, आळीपाळी त्याच्यानंतर.

"अहो, तुम्हाला कोणी सांगितलंय हे?" साहेबांनी एकदा विचारलं होतं.

"कोणी नाही, साहेब. पण आधी माझं घर बंद केलं की दुसऱ्याचं बंद करताना हात अडखळत नाही."

बाणेदार उत्तर होतं. फक्त काकांच्या बाणेदारपणाचा घाम बाजारातल्या गिरणीवाल्याला फुटत होता, हे त्यांच्या फारसं ध्यानात येत नसे. दळण अर्ध्यात अडकलं की गिरणीवाला दुकानाबाहेर येऊन सबस्टेशनच्या दिशेने हात जोडायचा. पुढे तोच सगळ्यांना सांगायला लागला, "माणूस कडू आहे, पण खरा आहे. स्वतःच्या म्हाताऱ्या आईला उकाड्यात ठेवतो, तिथे आपली काय कथा!"

ते खरंच होतं. आईला दमा होता. ती पुढच्या खोलीत खिडकीशी पलंगावर पडून असे. बाराला हँडल खाली ओढलं की काका क्षणभर नकाशावरच्या ठिपक्याकडे बघायचे, मग रजिस्टरमध्ये वेळ लिहायचे. संध्याकाळी घरी आले की डबा ओट्यावर ठेवून आधी आईजवळ बसायचे आणि वर पंखा फिरत असतानाही वर्तमानपत्राच्या घडीने तिला वारा घालायचे.

"पुरे रे, हात दुखेल तुझा," आई म्हणायची.

दुपारी कसं वाटलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. उत्तराची भीती वाटायची. असे चार उन्हाळे काढून आई गेली, आणि तो प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

बाकी गल्लीत मात्र त्यांना फार मान. समोरचा कंपाउंडर घरी येऊन इंजेक्शन द्यायचा आणि पैसे घ्यायला तयार नसायचा. कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई कधी आंबे पाठवायच्या, कधी शेवग्याच्या शेंगा. "तुमच्यासारखा माणूस गल्लीला लाभला हो," असं म्हणून त्या डोळे बारीक करून हसायच्या. काकांना वाटायचं, प्रामाणिकपणाची कदर करणारी माणसं अजून आहेत जगात.

काका निवृत्त झाले. सबस्टेशनात आता माणूसच नसतो. हँडलं दूर कुठूनतरी आपोआप पडतात. त्या बाजूने जाताना ट्रान्सफॉर्मरची घुरघुर ऐकू आली की काका अजूनही कुंपणापाशी दोन मिनिटं थांबतात. वाईट दिवस होते म्हणायचे, पण त्या खोलीत आपल्या हाताला वजन होतं, असं त्यांना वाटतं.

यंदा वस्तीने ठरवलं की आपली वीज आपण करायची. शाळेच्या आणि गिरणीच्या छपरावर सौर पॅनेल, शाळेमागच्या खोलीत बॅटऱ्या, आणि बाजार व गल्ल्या मिळून सगळ्यांचा एकच साठा. ढगाळ दिवशी साठा कमी पडला तर आधी कोणाचं बंद करायचं, हा प्रश्न आलाच. गिरणीवाला म्हणाला, "त्यात विचार काय करायचा? काकांना नेमा. ज्यानं स्वतःचं घर आधी बंद केलं, त्याच्याशी कोण भांडणार?" रविवारच्या सभेत नाव पक्कं होणार होतं. काकांनी शर्ट इस्त्रीला टाकला.

शनिवारी मोजणीला आलेली इंजिनीअर मुलगी कोपऱ्यावरची लोखंडी पेटी उघडून बराच वेळ आत बघत होती. काका हौसेनं जवळ गेले.

"आमची गल्ली तीन नंबरवर," त्यांनी न विचारता सांगितलं.

"नाही, काका. ही हॉस्पिटलच्या लाइनवर आहे."

"काहीतरीच! नकाशा मी काढलाय."

"नकाशा बरोबर असेलही तेव्हाचा. पण केबलचा हा सांधा बघा. वीसेक वर्षांचा तरी आहे."

काकांना आठवलं. टंचाईच्या पहिल्याच उन्हाळ्याच्या तोंडाला कोपऱ्यावरची केबल जळाली होती. केबलवाल्यांनी गल्ली तात्पुरती दुसरीकडे जोडली आणि "केबल आली की परत फिरवू" म्हणून गेले. केबल आली नाही की केबलवाले आले नाहीत, आणि भिंतीवरचा हिरवा रंग कोणी खोडला नाही. हॉस्पिटलची लाइन काकांनी उभ्या नोकरीत एकदाही बंद केली नव्हती.

म्हणजे बाजार तापत होता आणि गल्ली गार होती. मास्तरीणबाईंचं हसू, कंपाउंडरची फुकटची इंजेक्शनं, सगळ्याचा अर्थ त्यांना तिथेच, पेटीसमोर उभ्याउभ्या लागला. गल्लीला वाटत होतं, काकांनी गुपचूप आपली सोय केली! लाजेनं त्यांचे कान तापले.

घरी काकू भाजी निवडत होत्या.

"तुला माहीत होतं?"

काय ते काकूंनी विचारलं नाही. "केबलवाले येऊन गेले त्याच्या तिसऱ्या दिवसापासून," त्या म्हणाल्या. "बाराला तुमची वीज जाईना. समोर कंपाउंडरचा रेडिओ चालू. आंधळी होते का मी?"

"आणि मला सांगितलं नाहीस? लोकांपुढे तत्त्वाच्या गप्पा मारत फिरलो मी!"

"ओरडू नका. बाराला मी उठून घरातली सगळी बटणं बंद करायचे. शिवणयंत्राची मोटर बंद, स्वयंपाकघरात घामाच्या धारा. तुमचा शब्द होता ना? फक्त आईंचा पंखा ठेवायचे. त्या गेल्यावर तोही बंद."

काका खुर्चीत बसले. चार उन्हाळे आईच्या डोक्यावर पंखा फिरत होता. राग यावा की बरं वाटावं, हे त्यांना ठरवता येईना, आणि खरं सांगायचं तर बरंच वाटत होतं. त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

रविवारी गिरणीवाल्याने नाव घेण्याआधीच काका उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. सांधा, नकाशा, आईचा पंखा, काही ठेवलं नाही. "तुमची दळणं अडकली आणि माझ्या घरची वीज कधी गेलीच नाही. मी या कामाला लायक नाही. आणि नव्या साठ्यात पहिल्यांदा बंद व्हायची ती आमची गल्ली."

गल्लीवाल्यांत चुळबुळ झाली. मास्तरीणबाई पुटपुटल्या, "आम्हाला कशाला ओढता त्यात?" गिरणीवाल्याने हात वर करून चुळबुळ थांबवली. मग म्हणाला, "बसा, काका. पंख्याचं मी काही म्हणत नाही. माझी आई असती तर मीही लावला असता. पण गल्लीचं तुम्ही म्हणालात ते लिहून घ्या रे." लिहिलं गेलं. काम काकांकडेच आलं, पण जोडीला गिरणीवाला बसणार. हँडलवर एकट्याचा हात नाही, हे या वेळी काकांना आवडलं.

परतताना काका-काकू हळूहळू चालत होते. आईला विचारायचं राहिलं ते आता काकूंना विचारायला हरकत नव्हती.

"आईला ठाऊक होतं? वीज खरं तर गेलेली नाही, हे?"

"त्यांना ठाऊक नसून कसं चालेल? मी तुम्हाला सांगायलाच निघाले होते तिसऱ्या दिवशी. त्यांनी हात धरला माझा."

"काय म्हणाली?"

काकू थांबल्या. "म्हणाल्या, त्याला सांगू नकोस. कळलं तर तो स्वतः येऊन पंखा बंद करेल."

काकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं. मग मिटलं. त्यांनी बंद केला असता.