दुधासाठीचा व्हॉल्व

अंधेरी पूर्वेला माझ्या आतेभावाचा गाळा आहे. गेल्या वर्षी त्यात दोन लेथ होते, एक मिलिंग मशीन. ड्रॉइंग येतं, तो तसा नग करून देतो. नग कुठे बसणार हे विचारायचं नाही, ही त्या गल्लीची रीत. प्रत्येक ऑर्डरचा पहिला नग ठेवून द्यायचा आणि दसऱ्याला मशीनबरोबर त्याचीही पूजा करायची, ही दुसरी.

गेल्या दसऱ्याला पाटावर झेंडूखाली एक व्हॉल्व होता. चोरून अणुसाहित्य जमवणाऱ्या देशांच्या बातम्या मी पेपरच्या डेस्कवर पुष्कळ केल्या आहेत. असे देश स्वतः खरेदी करत नाहीत. मध्ये एक व्यापारी असतो, त्याच्यामागे दुसरा. त्या बातम्यांबरोबरच्या फोटोंत असाच व्हॉल्व असायचा, युरेनियमच्या वायूने गंजू नये म्हणून आतून निकेल चढवलेला.

"कोणासाठी रे?"

"दुबईची पार्टी. दुधाचा प्लांट आहे."

"दुधाला स्टील चालतं. ह्याला आतून निकेल कशाला?"

"तुला ना, पेढ्यातपण बॉम्ब दिसेल."

"डेअरी कुठली, एवढं तरी विचार."

"विचारलं की ऑर्डर शेजारी जाते. मग माझे कामगार काय करणार, तुझा पेपर वाचणार?"

मी निर्यातीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयात गेलो. माल निघाला का, असं अधिकाऱ्याने विचारलं. नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग तक्रार कसली? निघाला की या." संपादकांनी विचारलं, ऑर्डर देणारा व्यापारी नावानिशी बोलेल का. बातमी तिथेच संपली.

मी भावाच्या मागे लागून राहिलो. शेवटी वैतागून त्याने व्यापाऱ्याला फोन लावला आणि डेअरीचं नाव विचारलं. "उद्या कळवतो," असं उत्तर आलं. त्यानंतर व्यापाऱ्याने फोन उचलला नाही. ऑर्डर हातची गेली. तयार व्हॉल्व गाळ्यातच पडून राहिले. भावाने एक लेथ विकला, दोन कामगार कमी केले.

यंदा दसऱ्याला तो मला शेजारच्या गाळ्यात घेऊन गेला. त्या दिवशी सगळे एकमेकांकडे जातात. पाटावर झेंडूखाली हुबेहूब तसाच व्हॉल्व होता.

"या साहेब," मालकाने पेढा पुढे केला. "दुबईची ऑर्डर मिळालीय. दुधाच्या प्लांटची."

मी भावाकडे पाहिलं.

"विचार ना याला," तो हळूच म्हणाला. "याच्या पलीकडेही एक गाळा आहे."